तपासणाऱ्याला तपासायची पाच बोटं



म्हसळ्याच्या आपल्या आदिवासी वाड्यांवर मूल्यमापनवाले येतात. घरकुल झालं का, रोजगार हमीचं काम मिळालं का, वनहक्काचा दावा कुठं अडला, विचारतात, लिहून नेतात. त्या कागदावर पुढची योजना ठरते. पण तपासणाऱ्याला कोण तपासणार?

या कामालाही नीती आहे. अमेरिकेतल्या मूल्यमापकांच्या संघटनेनं 1994 साली पाच तत्त्वं ठरवली. 2018 मध्ये ती सुधारली, तरी पाचच राहिली. आद्याक्षरं जुळवून पाठ केलेली तत्त्वं परीक्षा झाली की विसरतात. आमचं म्हणणं, ती हाताच्या बोटांवर ठेवा आणि प्रत्येक बोटाला एक प्रश्न बांधा.

अंगठा – माणसाचा मान. लिहिलेलं आधी वाचून दाखवलं का? मगच अंगठा मागा. नाय म्हणायचा हक्कही आमचाच.

तर्जनी – पद्धतशीर चौकशी. बोट दाखवायचं ते बघून. दिवाळीनंतर कातकरी घरं वीटभट्टीवर जातात. तेव्हा येऊन बंद दारं मोजली नि ‘वाडी ओस’ लिहिलं, तर ती चौकशी झाली का?

मधलं बोट – कामाची जाण. दळी जमीन म्हणजे काय, हे माहीत आहे का? नसेल तर आधी शिकून या.

अंगठीचं बोट – सचोटी. पैसा कुणाचा, अहवाल कुणाला जाणार?

करंगळी – सगळ्यांचं भलं. शेवटच्या झोपडीतल्या एकट्या बाईला विचारलं का?

ही बोटं आपल्यालाही लागू आहेत. आपली वनहक्क समितीही तपासणीच करते. 2006 च्या कायद्याखालचा नियम 12 सांगतो, दावेदाराला नि वनविभागाला आधी कळवा, मग जागेवर जा. नियम 13 प्रमाणे जाणत्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा धरतात. समितीतल्यानं भावकीचा दावा फुगवला नि शेजाऱ्याचा कापला, तर सायबाला जाब विचारायला आपल्याला तोंड राहणार नाय.

म्हणून मूल्यमापनाचा माणूस वाडीवर आला की त्याला चहा द्या, बसवा, आणि बोटं मोजत पाच प्रश्न विचारा. उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहा. एका बोटाचं जरी उत्तर नाय मिळालं, तरी त्या कागदावर वाडीची सही नाय.