सड्यावरची नवी नोंद

उष्णकटिबंधातील वनस्पतींच्या अभ्यासात ‘नवी जाती’, म्हणजे विज्ञानाला सर्वस्वी अज्ञात असलेली वनस्पती, आणि ‘नवी नोंद’, म्हणजे अन्यत्र ज्ञात असून एखाद्या प्रदेशात प्रथमच आढळलेली वनस्पती, यांत काटेकोर भेद केला जातो. वृत्तपत्रांतून मात्र तो बहुधा पुसला जातो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, तरी सह्याद्रीची यादी त्यानंतरही वाढतच राहिली. कंदीलपुष्पांचे, म्हणजे सेरोपेजिया या वंशाचे, उदाहरण पाहावे : जमिनीतील कंदाच्या आधारे उन्हाळा काढून ही झाडे पावसाळ्यात उगवतात, त्यांच्या नळीसारख्या फुलात शिरलेली चिलटे आतील केसांमुळे काही काळ अडकून पडतात व परागण घडवतात, आणि फूल नसताना ती गवतातून ओळखणे तज्ज्ञांनाही जड जाते. सडे आणि कडे भर पावसात तुडवणाऱ्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील अभ्यासकांच्या हाती या वंशातील नव्या जाती लागल्या, हा योगायोग नव्हे. नव्या जातीचे नाव ज्या वाळवलेल्या नमुन्याशी कायमचे बांधले जाते, तो प्रारूप नमुना जपणाऱ्या वनस्पती-संग्रहालयांसाठी विद्यापीठांनी स्वतंत्र तरतूद करावी.