लंडनची ॲबी पाहिली, शरणपूर पाहिले का?



आपल्याकडे युरोप सहलीचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. जैन जेवण देणाऱ्या टूर निघतात, बॅगेत खाकरे असतातच, आणि उन्हाळ्यात तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो म्हणून चौविहारवाल्यांचीही पंचाईत होत नाही. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीचे महागडे तिकीट काढून आपण कौतुकाने आत जातो. पण इथे शरणपूरचे जुने चर्च पाहू या म्हटले, की लगेच ऐकू येते, "आपल्याला काय करायचंय तिथे?" मी कॉमर्सची, मला हा हिशेब जुळत नाही.

त्या ॲबीत डेव्हिड लिव्हिंग्स्टनची कबर आहे. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या आतल्या भागात, आजच्या झांबियात वारला. सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले आणि देह उन्हात वाळवून, कित्येक महिने पायी चालत समुद्रापर्यंत आणला. झाडाखाली प्रार्थना वाचणारा आणि खोडावर नाव कोरणारा जेकब वेनराइट पुढे इंग्लंडपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी ॲबीत दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तोही होता. हा जेकब शिकला कुठे? आपल्या नाशिकला!

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी शरणपूरची वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरत. त्यांतली काही इथे आणून त्यांना अक्षरओळख आणि सुतारकी, लोहारकी शिकवत. आई-बाप हरवलेल्या, भाषाही न कळणाऱ्या त्या मुलांना गोदाकाठच्या या गावात आसरा मिळाला. पुढे त्यांच्यातले बरेच जण मोम्बासाकडे परतले. आपण बँकेत जायला, साड्या घ्यायला ज्या शरणपूर रोडने रोज जातो, त्याच्या नावात ही सगळी गोष्ट आहे.

आता मिथ्यात्वाचा मुद्दा. मोठ्या बायकांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. घरात लहान मुले असतात, त्यांच्या मनात गोंधळ होऊ नये हे खरेच. पण पाहणे वेगळे आणि पूजणे वेगळे. ॲबीत शिरताना आपले सम्यक्त्व डळमळत नाही, मग शरणपूरलाच कसे डळमळेल? की तिकडचे गोरे लोक 'इतिहास' आणि इकडचे आपल्यासारखेच मराठी बोलणारे ख्रिस्ती शेजारी 'परके'? मला खुपते ते हेच. त्यांच्या चर्चमध्ये ना. वा. टिळकांची मराठी भजने गातात. लक्ष्मीबाई टिळक तर इथल्याच, जलालपूरच्या. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकींनी वाचले असेल.

पांडवलेण्यांतल्या अकराव्या लेण्यात आपल्या तीर्थंकरांची मूर्ती आहे. तिथे येणाऱ्या परधर्मीयाने बूट वाजवत, सेल्फी काढत निघून जाऊ नये, दोन मिनिटे थांबून ती नीट पाहावी, असे आपल्याला वाटतेच ना?

जायचे ठरवलेत तर रविवारी सकाळची प्रार्थनेची वेळ टाळा. आधी विचारून आत जा, फोटोचीही परवानगी घ्या. हात जोडायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे, कुणी जबरदस्ती करत नाही. नाशिकरोडचे बाळ येशूचे चर्चही पाहता येईल, पण फेब्रुवारीत यात्रेची गर्दी असते, तेव्हा नको. नातवंडांना मात्र बरोबर न्या, आणि जेकबची गोष्ट रिक्षातच सांगून टाका.