स्वच्छतेचे बिल कोणाच्या नावावर?

२०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री दिसू लागली आणि नवी मुंबईचे नाव जगभर झाले. कारखान्यातून बाहेर पडलेला रंग त्या मुक्या जनावरांच्या अंगावर चढला होता. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, कारखान्यावर कारवाई झाली, आणि सुशिक्षितांची हळहळ यथाकाल ओसरली. परंतु तेथील कासाडी नदीच्या पाण्यावर व खाडीच्या मासळीवर ज्यांचे पोट होते, त्यांच्या अंगावर रंग चढला नव्हता. म्हणूनच की काय, त्यांची कहाणी तितक्या घरांत पोचली नाही.

रात्री उग्र दर्प आला म्हणजे खारघर-कळंबोलीतील आम्ही पांढरपेशे खिडकी लावून घेतो. कोळ्याच्या खाडीस खिडकी नाही. ह्या प्रश्नाचे मर्म एवढेच आहे. घाणीची किंमत कधी नाहीशी होत नसते; ज्यास नाही म्हणण्याची ऐपत नाही, त्याच्या पदरात ती पडते.

कायदा दुर्बळाच्या बाजूस आहे, असे आपणांस सांगण्यात येते. जो घाण करील त्याने ती निस्तरावी व भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केले. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यातही ते आले. तत्त्व निर्दोष आहे. पण दंड भरल्याने मेलेली मासळी जिवंत होत नाही. आणि ज्याची मासळी मेली, त्याच्याच हाती दंडाचा पैसा पडेल, ह्याची हमी कोठे आहे?

ह्यावर आमचे प्रगतिप्रिय मित्र म्हणतात, ‘अहो, धूर न करणारी वीज येऊ द्या, म्हणजे हा तंटाच मिटेल.’ त्यांनी पुणे जिल्ह्यातील मुळशीचा इतिहास आठवावा. निळा व मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण योजिले, ते मुंबईस वीज पुरविण्यासाठी. ती वीज पाण्यापासून व्हावयाची होती. तीत कोळशाचा कण नव्हता की धुराची रेघ नव्हती. तरीही मावळ्यांची भातखाचरे बुडावयाची ती बुडालीच. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला. ह्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. मावळे तुरुंगात गेले, धरण पुरे झाले, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. वीज निर्मळ होती, व्यवहार मात्र नव्हता.

बरे, स्वच्छतेच्या नावाने गोळा केलेला पैसा तरी स्वच्छतेकडे जातो काय? २०१० साली कोळशाच्या दर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जेचा उपकर बसला. २०१६ साली तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर रद्द झाला आणि त्याची जागा राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढणाऱ्या उपकराने घेतली. कोळशावरील भार विजेच्या दरातून गरिबाच्या खोलीपर्यंत पोचत राहिला. स्वच्छतेचा हेतू तेवढा वाटेत उतरला.

‘प्रगतीसाठी कोणीतरी त्याग करावाच लागतो,’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. त्याग स्वतःच्या वस्तूचा करावयाचा असतो. दुसऱ्याचे शेत वा दुसऱ्याची खाडी देऊन टाकणे, ह्यास मराठीत निराळा शब्द आहे.

आमचे मागणे साधे आहे. दंडाच्या रकमेवर पहिला हक्क नुकसान सोसणाऱ्याचा असावा. विजेचा नवा प्रकल्प कितीही स्वच्छ असो, त्यापायी कोणाची जमीन व कोणाचे पाणी जाते ते आधी मोजावे, आणि त्याची पुरी भरपाई विजेच्या किमतीत धरावी. ज्यांच्या घरांत विजेची यंत्रे अधिक, त्यांनी ती अधिक द्यावी. ह्याने आपल्यासारख्यांचे बिल वाढेल, हे आम्ही जाणतो. वाढू द्या. आजवर त्यातील काही रक्कम मुळशीच्या मावळ्याने आणि कासाडीकाठच्या कोळ्याने आपल्या वतीने भरली आहे. ती आता आपण भरू लागलो, तर तो कोणावर उपकार नव्हे. ती आपली थकबाकी आहे.