हिशोब विटाळाचा, की बाईचा?

यंदाच्या अंकासाठी विषय कळवला तेव्हा संपादकांचा फोन आला. नेहमीच्या अदबीने म्हणाले, ‘‘बाई, अंक घरातल्या सगळ्यांच्या हातात जातो. सासरे वाचतात, मुलं वाचतात. जरा जपून लिहा.’’ मी म्हटलं, सगळ्यांच्या हातात जातो म्हणूनच लिहायचं आहे. बाळंतपणानंतर बाईची पाळी कधी येते, कशी येते, आणि आलीच नाही तर त्याचा अर्थ काय, ही गोष्ट आजवर सासऱ्यांच्या आणि मुलांच्या कानावर गेली नाही. म्हणून तर माझ्या बहिणीची सतरा वर्षं मातीत गेली.

अक्काचं लग्न खानापूर तालुक्यातल्या एका गावी झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण १९७४ च्या पावसाळ्यात वाट बंद पडली आणि ते सासरीच उरकलं. मुलगी झाली. वार मात्र लवकर पडली नाही. रक्त इतकं गेलं की खालची गोणपाटं पिळून टाकावी लागली. अक्का दोन दिवस धड शुद्धीवर नव्हती. पाऊस ओसरल्यावर आईनं मला मदतीला पाठवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. अक्का बाजेवर पडलेली, ओठ पांढरेफटक, खाली शेगडी, आणि शेजारी भुकेनं रडणारं लेकरू. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, कुणी कुणी अंगारेही आणले. पण तिला दूध आलं नाही. घरी शेळी होती म्हणून पोर वाढली. गावानं अक्काला नाव दिलं, ‘कोरड्या अंगाची’.

त्यानंतर तिची पाळीही आली नाही. वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. आता ऐका, घरातल्यांना काय वाटलं ते. घरातल्यांना बरं वाटलं! अक्काच्या सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, ‘‘आमची थोरली बारा महिने सोवळ्यात.’’ गौरीचा नैवेद्य कुणी करायचा? अक्कानं. श्रावणातला कुळधर्म कुणी सांभाळायचा? अक्कानं. धाकट्या जावा चार-चार दिवस बाजूला बसत, त्या दिवसांतली त्यांचीही कामं अक्काच्याच अंगावर. ती वैशाखातही शाल पांघरून वावरायची. डोक्यावरचे केस विरळ झाले, आवाज जड झाला, बसल्या जागी डोळा लागायचा. त्याला घरात शब्द होता, ‘आळस’. पुन्हा दिवस गेले नाहीत, त्यालाही शब्द होता, ‘एका मुलीवर थांबली करंटी’.

१९९१ साली साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती कोसळली. दाजींनी तिला मिरजेला नेलं. मीही गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासता तपासता तीन प्रश्न विचारले. बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? अंगावर दूध आलं होतं का? पाळी परत आली का? अक्कानं तीन उत्तरं दिली आणि डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. सतरा वर्षांत हे तीन प्रश्न तिला कुणीच विचारले नव्हते. ना घरानं, ना वैद्यानं, ना माझ्यासारख्या शिकून बाई झालेल्या बहिणीनं.

दुखण्याचं नाव शीहान सिंड्रोम. शीहान नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ साली त्याचं वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिच्युटरी ग्रंथी असते. दूध यावं, पाळी यावी, गळ्यातल्या थायरॉईडनं काम करावं, ताप-संकटात अंगानं तग धरावा, या सगळ्याची सूत्रं तिच्या हाती. गरोदरपणात ती वाढते, तिला रक्त जास्त लागतं; आणि नेमकं बाळंतपणात बेसुमार रक्त गेलं तर ती सुकते. आधी दूध थांबतं, मग पाळी, मग बाकीचं हळूहळू. उपचार म्हणाल तर रोजच्या गोळ्या, त्याही जन्मभर. पण माणूस उभा राहतो. तीन महिन्यांनी अक्कानं शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. पुढं पंचवीस वर्षं ती जगली. मला एकदा म्हणाली, ‘‘मला वाटायचं, देवानं माझी विटाळातून सुटका केली.’’

वाचकहो, या वाक्यावर माझं भांडण आहे. ज्या घरात धाकट्या सुनेची तारीख एक दिवस पुढं गेली तरी भुवया उंचावत, त्या घराला थोरलीची पाळी सतरा वर्षं न येण्यात काहीच वावगं दिसलं नाही. हिशोब नव्हता असं नाही. हिशोब चोख होता; पण तो विटाळाचा होता, बाईचा नव्हता.

आपण दोन भाषांत राहणारी माणसं. या बाबतीत दोन्ही भाषांनी आपल्याला सढळ हातानं शब्द दिलेत. मराठीत बाईला कावळा शिवतो, ती बाहेरची होते, तिला अडचण येते. कानडीत ती ‘होरगे’ बसते, म्हणजे बाहेरच. आणि पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ शिवणं. बाळंतिणीला कानडीत ‘बाणंती’ म्हणतात, अक्का तर दोन्हीकडे अक्काच. इतके शब्द सारखे, आणि गप्प बसणंही सारखंच. वास्तविक दोन्हीकडच्या संतांनी हे ओझं कधीच फेकलं होतं. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी जी पाच सूतकं नाकारली त्यांत रजाचं सूतक होतं. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी अभंगात विचारलं की विटाळ देहातच आहे, तर त्याच्यावाचून देह कुठला. आपण त्यांच्या पालख्या नाचवल्या आणि प्रश्न ओट्यावर ठेवून आलो.

इथवर वाचून सुधारलेल्या घरांतली मंडळी मान डोलावत असतील. थांबा. पुढचं भांडण तुमच्याशी आहे, म्हणजे माझ्याशीच.

माझ्या घरात शिवाशिव कधीच पाळली नाही, याचा मला फार अभिमान. सून बँकेत नोकरी करते. २०१९ साली तिचं बाळंतपण झालं, दवाखान्यातच तांबी बसवली, सहा महिन्यांनी ती कामावर गेली. पाळी सुरू झाली तीच मुळी नऊ-नऊ, दहा-दहा दिवसांची. तिला वाटलं, बाळंतपणानंतर असंच असेल. मला काहीच वाटलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. एका संध्याकाळी ती जिन्यात घेरी येऊन पडली. हिमोग्लोबिन निघालं ६.८. डॉक्टरांनी तांबी काढली, सलाईनमधून लोह दिलं, विचारलं, ‘‘घरी कुणाला सांगितलं नाही?’’ सून म्हणाली, ‘‘आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत.’’ म्हणजे बघा, आम्ही पाळणं सोडलं आणि त्याबरोबर बोलणंही सोडलं. जुन्या घराला तारीख ठाऊक होती, बाई ठाऊक नव्हती. आमच्या घराला दोन्ही ठाऊक नव्हतं. याला सुधारणा म्हणायचं?

तेव्हा आता उघड बोलू. बाळंतपणानंतर सुरुवातीला अंगावरून जातं ती पाळी नव्हे. गर्भाशय साफ होत असतं. ते चार ते सहा आठवड्यांत कमी कमी होत थांबतं. बाळ अंगावर पीत नसेल तर दीड-दोन महिन्यांत पाळी येऊ शकते. पीत असेल, तर बाळाच्या ओढण्यानं शरीरात जे संप्रेरक वाढतं ते बीज तयार होऊ देत नाही, आणि पाळी सहा महिने, वर्षभर, क्वचित त्याहूनही लांबते. हे दुखणं नव्हे. पण म्हणून निर्धास्तही राहू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरच पिणारं आणि पाळी परत न आलेली, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच दिवस जाण्यापासून शंभरात अठ्ठ्याण्णव जणींना संरक्षण असतं. तिन्हींपैकी एक सुटली की गेलं. शिवाय बीज आधी सुटतं, पाळी मागून येते. ‘पाळीच आली नव्हती, तरी कसे राहिले?’ असं विचारणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

परत आलेली पाळी जुन्यासारखीच असेल असंही नाही. पहिले काही महिने ती मागेपुढे होते, कुणाला जास्त जातं, कुणाला कमी. कुणाच्या पोटातल्या कळा कायमच्या कमी होतात. तांबीनं पहिले काही महिने रक्त वाढू शकतं, तीन महिन्यांच्या इंजेक्शननं अनियमित होतं किंवा थांबतं. म्हणून तांबीला शिव्या घालू नका. लाखो बायकांचं तिनं भलं केलंय. ती बसवल्यावर विचारपूस करायची असते, इतकंच. मात्र तासाला एक घडी भिजू लागली, मोठ्या गाठी पडू लागल्या, आठ दिवसांवर पाळी चालू राहिली, ताप किंवा दुर्गंधी आली, अंगावर पाजणं सुटून तीन महिने झाले तरी पाळी नाही, किंवा बाळंतपणात खूप रक्त जाऊन दूधच आलं नाही, तर अंगावर काढू नका. ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ हे वाक्य डॉक्टरांनी तपासून म्हणायचं आहे, शेजारणीनं नाही.

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, ‘हा विषय डॉक्टरांचा.’ बरोबर; पण डॉक्टर घरात राहत नाहीत. सरकारी दप्तरात बाळंतपण बेचाळिसाव्या दिवशी संपतं, आपल्या घरात सव्वा महिन्यानं. आशाताईच्या त्या काळातल्या फेऱ्या होतात, बाळाचं वजन होतं, आणि नेमकी पाळी यायच्या सुमारास आईकडे पाहणारं कुणी उरत नाही. लसीच्या तारखा तेवढ्या सगळ्यांना पाठ.

दुसरा आक्षेप, ‘आमच्या आज्यांना काही झालं नाही.’ ज्या तगल्या त्यांनी गोष्टी सांगितल्या. ज्या गेल्या त्यांच्या गोष्टी कोण सांगणार? आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून ही मराठी बाई अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर, आणि तिची नेमणूक झाली ती आपल्या शेजारच्या कोल्हापुरात. तिथं रुजू होण्याआधीच, १८८७ साली ती गेली. त्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी, कोल्हापूरपासून एका दिवसाच्या वाटेवर, माझी अक्का गोणपाटावर रक्त सांडत होती.

तिसरा आक्षेप मोठा गोंडस. ‘चार दिवस बाजूला बसवायचे, तेवढीच विश्रांती.’ विश्रांती द्यायची तर पलंगावर द्या, गोठ्याच्या कडेला कशाला? आणि जिला खरी गरज होती त्या माझ्या अक्काला तुमच्या नियमानं सतरा वर्षांत एक दिवस विश्रांती मिळाली नाही. ती ‘शुद्ध’ होती ना!

शेवटी आपल्या भागापुरतं बोलते. आपण भाषेसाठी भांडणारी माणसं. १९५६ पासून एक नोव्हेंबर काळा दिवस म्हणून पाळतो, २००४ साली सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाटीवरच्या अक्षरासाठी लाठ्या खाल्लेल्या घरातली मी आहे. त्या लढ्याला मी कमी लेखत नाही. पण दवाखान्यात बाळंतिणीच्या हाती ‘तायी कार्ड’ येतं. तायी म्हणजे आई; आमच्या बायका त्याला ताई-कार्ड म्हणतात. त्यातलं कानडी वाचता येत नाही म्हणून आपण सरकारला जाब विचारतो. मराठीत तरी तिला कुणी काही सांगितलंय का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत रक्तक्षय असलेल्या कर्नाटकात शंभरात सुमारे अठ्ठेचाळीस निघाल्या, महाराष्ट्रात सुमारे चोपन्न. सीमा कुठूनही आखा, रक्त दोन्हीकडे कमीच आहे.

मागणी मोठी नाही. दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहितो, गॅसची टाकी कधी लावली ते लिहितो; तिथंच घरातल्या बाळंतिणीच्या तारखा लिहा, भिंतीवर, सगळ्यांना दिसतील अशा. नवऱ्यानं लिहिल्या तर उत्तम. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात, त्याही तिथंच मोजा. आणि बाळाच्या दाताची चौकशी करता तशी आईच्या पाळीची करा, आवाज न उतरवता.

अक्काची नात यंदा बाळंत झाली. दिवाळीला लेकरू घेऊन येणार आहे. ओवाळणीच्या आधी, सगळे पाटावर बसलेले असताना, मी तिला मिरजेच्या डॉक्टरांचे ते तीन प्रश्न विचारणार आहे. ज्यांना संकोच वाटेल त्यांनी खाली बघून करंजी खावी.