हे अंशतः खरे आहे!

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची एक ठरलेली भाषा आहे. सदस्य विचारतात, "अमुक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय?" उत्तर येते, "हे अंशतः खरे आहे." "असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?" उत्तर येते, "कार्यवाही करण्यात येत आहे." शेवटी विलंबाची कारणे विचारली, की "प्रश्न उद्भवत नाही" या ब्रह्मवाक्याने विषय मिटतो. शालेय व्याकरण ज्याच्या स्मरणात आहे त्याला यातील मधल्या वाक्याची मेख तत्काळ कळेल. त्या वाक्यात कार्य आहे, पण ते करणारा कोणी नाही. तो शोधून काढून सभागृहापुढे उभा करणे, हेच लोकप्रतिनिधीचे पहिले काम होय. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत हे काम किती अपुरे झाले आहे, हे पाहायचे तर वाशीम जिल्ह्याकडे पाहावे. शहरातील वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. म्हणूनच आम्ही तो आज पहिल्या पानावर घेतला आहे.

अकोल्यापासून वेगळा होऊन 1 जुलै 1998 रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे 11 लक्ष 97 हजार, आणि तीत पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी. 2018 साली केंद्र सरकारने देशातील मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित' असे गोड नाव दिले. महाराष्ट्रातील अशा चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्या पंक्तीला वाशीम बसले. सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र हा सरकारचाच मापदंड आहे. तो या जिल्ह्याच्या ग्रामीण वस्तीला लावला तर सुमारे 33 केंद्रे आणि दोनशेच्या आसपास उपकेंद्रे व्हावयास हवीत. हा हिशेब कोणाही सदस्यास बसल्या जागी करता येतो. त्यापुढे प्रत्येक केंद्रात किती पदे मंजूर, किती भरलेली आणि किती कंत्राटी, एवढे तीन रकाने मांडले की उत्तरातील 'अंशतः' या शब्दाचा खरा आकार दिसू लागतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्यांत वाशीमचे महाविद्यालय होते. ज्या जिल्ह्यातील अत्यवस्थ रुग्णास अकोल्याची किंवा नागपूरची वाट धरावी लागत असे, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. परंतु केसपेपर विनामूल्य झाला म्हणून औषध कपाटात येत नाही, आणि कोनशिला बसली म्हणून प्राध्यापक वर्गात येत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा राज्याच्या आरोग्यव्यवस्थेवरील अहवाल 2024 च्या नागपूर अधिवेशनात विधिमंडळापुढे आला. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्या मोठ्या तुटवड्यावर त्याने स्पष्ट बोट ठेवले आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम 2020 पर्यंत आरोग्यावर खर्चावी, असे सांगितले होते. देशातील धनाढ्य म्हणवणारे आपले राज्य त्या रेषेच्या जवळपास निम्म्यावरच घोटाळत राहिले आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. आरोग्यसेवेची सुधारणा हा एक प्रश्न आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मागण्या हा दुसरा, अशी वाटणी आपण मनाशी करून बसलो आहोत. पहिला प्रश्न लोककल्याणाचा आणि दुसरा संघटनांच्या घासाघिशीचा! वस्तुस्थिती अशी आहे की, हे दोन प्रश्न नसून एकच आहे. मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावर रात्री प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तर त्या घरापुरते 'सार्वजनिक आरोग्य' म्हणजे हाकेच्या अंतरावर राहणारी आशा आणि उपकेंद्रातील परिचारिका. त्या दोघी उद्या कामावर असतील की आझाद मैदानावर, यावर त्या बाळंतिणीचे भवितव्य अवलंबून आहे.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार वस्तीमागे एक या प्रमाणात 'आशा' नेमल्या गेल्या. त्यांना कर्मचारी न म्हणता 'स्वयंसेविका' म्हटले गेले, आणि या एका शब्दाने सरकारचा फार मोठा खर्च वाचला. काम नेमून दिलेले, नोंदवह्या नेमून दिलेल्या, वरिष्ठ नेमून दिलेले. फक्त वेतन तेवढे नेमून दिलेले नाही. 2020 साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून घरोघर फिरल्या त्या याच बाया. भारतीय श्रम परिषदेच्या 2013 सालच्या 45 व्या अधिवेशनाने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे आणि किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव पोहोचला, शिफारस वाटेतच राहिली.

यानंतरचा इतिहास म्हणजे आश्वासन आणि आदेश यांच्यामधील अंतराचा इतिहास आहे. जून 2021 मध्ये राज्यातील आशा व गटप्रवर्तक यांनी संप केला, तेव्हा आशांच्या पदरी हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता पडला. ऑक्टोबर 2023 मध्ये पुन्हा संप झाला; तो सात हजार रुपयांच्या वाढीच्या आश्वासनावर नोव्हेंबरात मिटला. आश्वासनाचा आदेश निघेना, म्हणून 12 जानेवारी 2024 पासून तिसरा संप. अखेर मार्च 2024 मध्ये आदेश निघाला तो पाच हजारांचा. त्याच महिन्यात अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा निर्णय झाला. आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्यांना 19 ऑगस्ट 2025 पासून संपावर जावे लागले. मागणी मान्य व्हावी म्हणून संप होतात हे आम्ही समजू शकतो. मान्य झालेली मागणी पाळली जावी म्हणून संप करावा लागणे, ही कोणत्याही सरकारला भूषणावह गोष्ट नव्हे. आणि प्रत्येक संपाच्या दिवसांत लसीकरणाची फेरी चुकली, क्षयरोग्याची गोळी लांबली, याची किंमत संघटनेने भरली नाही आणि मंत्रालयानेही भरली नाही. ती खेड्याने भरली.

मग लोकप्रतिनिधींनी करावे काय? सप्टेंबर 2023 च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. त्यानंतर वाशीमला लागूनच असलेल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तेथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करावयास लावले. त्याची छायाचित्रे देशभर गेली, पाटील यांच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि चर्चा झाडूभोवती फिरत राहिली. औषधखरेदी कोणी रखडवली, पदे कोणी रिकामी ठेवली, हे प्रश्न मागे पडले. लोकांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु संतापाचे प्रदर्शन आणि संतापाचा उपयोग यांत फरक आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, आश्वासन समिती, लोकलेखा समिती ही सदस्यांची हत्यारे आहेत. ती छायाचित्रात दिसत नाहीत. पण त्यांना धार आहे.

ती धार कशी लावावयाची, याचा धडा याच प्रांताच्या इतिहासात आहे. ना. म. जोशी यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचे विधेयक 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, आणि ते फेटाळले गेले. 1928 साली मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तो विषय पुन्हा उचलला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना प्रश्न दयेच्या पातळीवरून उचलून राष्ट्रहिताच्या पातळीवर नेला: प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडता कामा नये. 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला. सबंध देशासाठी तो होण्यास 1961 साल उजाडले. एका अपयशी विधेयकापासून देशव्यापी कायद्यापर्यंत 37 वर्षे! आणि दैवदुर्विलास असा की, आज इतरांच्या बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री धावणारी आशा 'स्वयंसेविका' ठरल्यामुळे स्वतःच्या बाळंतपणात पगारी रजेच्या त्या हक्काला मुकते.

वाशीम जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ. त्यांतील वाशीम व कारंजा हे लोकसभेसाठी यवतमाळला जोडलेले, तर रिसोड अकोल्याला. जिल्हा एक आणि खासदार दोन, अशी ही विभागणी असल्यामुळे जबाबदारी एकमेकांकडे सरकवण्यास सोयीची जागा मिळते. तेव्हा पक्ष बाजूला ठेवून या सर्वांनी मिळून काही मोजके प्रश्न हाती घ्यावेत, असे आमचे सांगणे आहे. वैद्यकीय महाविद्यालयात व जिल्ह्यातील प्रत्येक केंद्रात मंजूर पदांपैकी कायम स्वरूपाची किती पदे भरली आहेत? दहा वर्षे झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांपैकी या जिल्ह्यातील किती जणांच्या हाती नियुक्तिपत्र पडले? आशांचे मानधन ठरलेल्या तारखेला त्यांच्या खात्यात जमा होते काय, आणि नसेल तर कोणत्या टेबलावर अडते? आणि सर्वांत महत्त्वाचे, या सभागृहात दिलेल्या आधीच्या आश्वासनांचे काय झाले? हा शेवटचा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात, त्याच शब्दांत, न कंटाळता विचारला गेला पाहिजे. सरकारला नव्या प्रश्नाचे भय नसते. जुना प्रश्न विसरला गेला नाही, याचे भय असते.

सुशिक्षित नागरिकांचाही यात वाटा आहे. आजारपणात आपण खासगी रुग्णालय गाठतो, विम्याचे कार्ड पुढे करतो आणि सरकारी दवाखाना हा गरिबांचा विषय म्हणून सोडून देतो. ज्या व्यवस्थेत बोलक्या वर्गाचे कोणी झोपत नाही, त्या व्यवस्थेतील गादी फाटकीच राहते. मोर्चा निघाला की वाहतूक खोळंबल्याची तक्रार आपण करतो; तो मोर्चा कोणत्या मोडलेल्या शब्दामुळे निघाला, हे विचारीत नाही. नागपूरच्या अधिवेशनात प्रत्येक वर्षी तेच फलक, तेच चेहरे दिसावेत, आणि त्यांकडे पाहून आपल्यालाही 'प्रश्न उद्भवत नाही' असे वाटावे, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

आश्वासन हे लोकशाहीत कर्जरोख्यासारखे असते. ते लिहून देणाऱ्याची पत ते फेडण्यावर ठरते. वाशिमच्या खेड्यांना सरकारने असे अनेक रोखे लिहून दिले आहेत. त्यांची मुदत संपल्याचे सभागृहात उभे राहून सांगणे, हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे, आणि ते सांगतात की नाही यावर नजर ठेवणे हे मतदारांचे. रिक्त पद अंशतः भरता येत नाही आणि आजारी माणूस अंशतः बरा होऊन चालत नाही. तेव्हा उत्तरेही यापुढे पूर्ण सत्याची हवीत.