वारा पडलेला असतानाच पवनचक्की तपासतात

सभासद बंधू-भगिनींनो,

पुण्याहून नगरला येताना पारनेर तालुक्यात, सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आपण पाहिल्याच असतील. नगर तालुक्यात खांडक्याकडेही त्या आहेत. लांबून पाहणाऱ्याला वाटते, वारा फुकटचा, चक्की आपोआप फिरते, हिला खर्च तो कसला? पण वारा फुकट असला तरी यंत्र फुकट नसते.

आपल्याकडे जोराचा वारा पावसाळ्यात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणजे चक्कीची खरी कमाई याच महिन्यांत. तेव्हा ती बंद पडली तर नुकसान मोठे, आणि तशा वाऱ्यात माणूस वर चढवणेही धोक्याचे. म्हणून मोठी देखभाल हिवाळ्यात, वारा मंद असताना करायची. बोल्ट ठरल्याइतके आवळलेले आहेत का, पात्याला चीर गेली का, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी तार शाबूत आहे का, गिअरच्या तेलात लोखंडाचा कीस दिसतो का, ब्रेक लागतो का, हे सारे चक्की धडधाकट असतानाच पाहायचे.

ब्रेक ऐनवेळी लागला नाही तर काय होते, ते डेन्मार्कमध्ये फेब्रुवारी 2008 मध्ये दिसले. वादळात एक चक्की आवरेना, पाती बेफाम फिरली, तुटली आणि मनोराही कोसळला. चालू यंत्र म्हणजे सुरक्षित यंत्र नव्हे.

आपल्या कारखान्याचे वेळापत्रक नेमके उलटे. त्यांचा कमाईचा काळ तो आपला दुरुस्तीचा. आणि सभेत प्रश्न येतोच, "कारखाना बंद, मग दुरुस्तीला एवढा पैसा कशाला? तो आमच्या दरात द्या की!"

प्रश्न चुकीचा नाही, पण हिशेब अर्धा आहे. बॉयलरची तपासणी कायद्यानेच करावी लागते. मिलचे रोलर, बेअरिंग, गिअर, पंप यांचा आवाज मात्र आपणच ऐकायचा. ऐन मार्चमध्ये मिल दोन दिवस थांबली तर टोळीने तोडलेला ऊस उन्हात पडतो. वजन घटते ते सभासदाचे, उतारा घटतो तो सर्वांचा. दुरुस्तीत वाचवलेला रुपया असा काट्यावर जातो.

मात्र आमचे दुसरेही म्हणणे आहे. नुसता खर्चाचा आकडा पाहून सभासदांनी मान डोलवू नये. काय तपासले, काय झिजलेले निघाले, काय बदलले, याची यादी अहवालात मागावी. तो आपला हक्क आहे, आणि ती देणे हे आम्हा नोकरवर्गाचे काम आहे.

उपदेश करणारेही चुकतात. आमच्याच विहिरीवरची मोटार उन्हाळ्यात कुरकुरत होती. "चालतेय ना, मग चालू द्या," म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. बेअरिंग धरले, मोटार जळाली आणि आठ दिवस खोडव्याला पाणी नाही. दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तेव्हा पाऊस लागला आणि पाण्याची गरज कमी झाली की प्रत्येकाने आपली मोटार, स्टार्टर आणि अर्थिंग तपासून घ्यावे, ही विनंती. कारखान्याला जाब विचारायचा तर आपल्या विहिरीपासून सुरुवात केलेली बरी.

आपला,
ऊस विकास अधिकारी