मोठ्ठी, जुनी आणि स्वस्त!

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला काकांचा फोन. "खेडच्या एका वखारवाल्याकडे स्टिलची मशीन आहे, ०६६. चाळीस म्हणतोय, तीसला देईल. घेऊन टाकू ना?" वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं खरं, पण तो प्रश्न नव्हता. पैसे माझे जाणार होते म्हणून कळवलं, इतकंच.

थोडी पार्श्वभूमी. आमची बाग दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात आंबे, फणस, सुपाऱ्या, सगळं आडवं झालं. तेव्हा चेनसॉवाला मिळायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि आला तो बोलेल तो भाव घेऊन गेला. तेव्हापासून काकांच्या डोक्यात बसलंय की आपल्या घरी 'कटर' पाहिजेच. इथपर्यंत माझीही काही तक्रार नाही. यंदा एक जांभूळ गडग्यावर पडलंय, तेही तोडायचंय.

सोमवारी ऑफिसात लंचला विषय काढला, तर सगळी गँग काकांच्या बाजूने! "मेटल बॉडी असते रे जुन्यांची, आत्ताचं सगळं प्लॅस्टिक." "९२ सीसी? भाई, घेच!" यातल्या एकानेही आयुष्यात कोयतीने शहाळंसुद्धा सोललेलं नाही. (मी सोललंय. अंगठ्यावर खूण आहे.) पण यूट्यूबवर कॅनडातला कुणीतरी दाढीवाला हजार वर्षांचं झाड पाडताना बघितलं की आपल्या लोकांना वाटतं, रॅम जास्त तेवढा लॅपटॉप चांगला, तसंच हेही.

आता जरा हिशोब करू. ०६६ चं, म्हणजे पुढे जिला एमएस ६६० म्हणायला लागले तिचं, इंजिन ९१.६ सीसीचं. स्प्लेंडरचं ९७. जवळजवळ स्प्लेंडरचं इंजिन दोन हातांत धरून उभं राहायचं, आणि त्याला चाकाऐवजी दात. बार आणि चेन न लावता वजन ७ किलोच्या वर. बार, चेन, पेट्रोल, ऑइल धरलं की १० च्या आसपास. हे यंत्र दिवसभर मोठमोठे ओंडके पाडणाऱ्या जंगल कामगारासाठी बनवलंय, आणि त्या कामाला ते उत्तम आहे. त्याबद्दल वादच नाही.

पण आमचं काम काय? वर्षाला दोन-चार पडलेली झाडं आणि जळण. आमचं ते जांभूळ बुंध्याला दोन फूट. ४५ सीसीची मशीन आणि १८ इंची बार असेल तर एका बाजूने अर्धं, फिरून दुसऱ्या बाजूने अर्धं, झालं काम. दहा मिनिटं जास्त लागतील. काकांना अशी कुठली फ्लाइट पकडायचीय?

"जुनं ते सोनं" हे तर माझ्या डोक्यातच जातं. चाळीस वर्षं चाललेल्या मशिनी आपल्याला दिसतात, कारण बंद पडलेल्या भंगारात गेल्या. त्या कोण मोजतो? आणि चेनसॉमध्ये जुनं काय होतं ते बघा. क्रँकचे सील कडक होतात, बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडतं, आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. कार्बोरेटरमधला रबरी पडदा ताठ होतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आमच्या कोकणातल्या हवेत पाण्याची काय कमी! नव्या मशीनलाही हा त्रास आहेच, काम झालं की टाकी रिकामी करावीच लागते. पण वीस वर्षांपूर्वीच्या नळ्या आणि पडदे म्हणजे आधीच अर्धमेला पेशंट.

हे सगळं दुरुस्त होतं, मान्य. सुटे भाग मिळतात. सायलेन्सर काढून टॉर्च मारली तर पिस्टनवरचे ओरखडे दिसतात, दोरी ओढताना दम आहे की नाही ते हाताला कळतं. मी काकांना विचारलं, हे बघितलं का? "एका झटक्यात चालू झाली," म्हणाले. गरम असेल तर होणारच की! आणि ती खरंच स्टिलची आहे का? या मॉडेलच्या हुबेहूब चिनी नकला बाजारात आहेत.

पण पैसे बुडाले तर बुडाले, माझा खरा राग त्याचा नाही.

ही मशीन चालवणार कोण? काका ६८ वर्षांचे, ते खुर्चीवर बसून सूचना देणार. मी हिंजवडीत. चालवणार आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारे भाऊ. वजन असेल पंचावन्न किलो. हाफ पँट, पायात स्लिपर, डोक्याला टॉवेल. बारच्या टोकाचा वरचा भाग चुकून लाकडाला लागला की मशीन उलटी उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. चेन सेकंदाला वीस मीटरच्या वर धावत असते, "अरे" म्हणायलाही वेळ नसतो. तेव्हा वाचवतो तो चेन ब्रेक. आणि जुन्या मशीनमध्ये सगळ्यात आधी 'चलता है' होतं ते नेमकं हेच. ब्रेकचा पट्टा झिजलेला, पुढचा हँडगार्ड तुटलेला. मी काकांना व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. हँडगार्ड नाहीये! काका म्हणाले, "त्याने काय होतंय, कापायला मधे येतो तो."

थरथर कमी करणारे रबर झिजले असतील तर तीही सगळी भाऊंच्या हातात जाणार. वर्षानुवर्षं अशी मशीन चालवणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. यातलं काहीच त्या तीस हजारांत धरलेलं नाही, कारण बोटं आपली नाहीत. आपण ऑफिसात खुर्ची दोन इंच खाली असली तर एचआरला मेल टाकतो. आणि गावाकडे मशीन घेताना मात्र "त्यांना सवय असते". कसली सवय हो? पाय सगळ्यांना दोनच असतात.

अजून एक. मोठी मशीन घरात आली की ती मोठी झाडं शोधायला लागते. "आली की तो वरचा आंबाही घेऊ," हे काका बोलून गेलेच. उभ्या आंब्याला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हे मी सांगितलं तर म्हणाले, तू इंजिनियर झालास की वकील?

तर मी नाही म्हटलंय. तीसमध्ये अजून भर घालून नवी, लहान, ब्रेकवाली मशीन, हेल्मेट, आणि चेन अडकवणाऱ्या धाग्यांची ती जाड पँट. पँटशिवाय मशीनचे पैसे मिळणार नाहीत, हेही सांगितलं. काका दोन दिवस बोलले नाहीत. काल काकूंच्या फोनवरून मीच भाऊंशी बोललो, बुटाचा नंबर विचारला.

"नंबर म्हायत नाय," म्हणाले. "स्लिपर घेतो ना, ती पायाला लावून बघतो."

पुढच्या शनिवारी जातोय. कागदावर पाऊल काढून आणेन.